बार्सिलोनाचे १०,१०१ परवाने

२१ जून २०२४ रोजी बार्सिलोनाचे महापौर जाउमे कोल्बोनी यांनी एक घोषणा केली. शहरात पर्यटकांना चार-आठ दिवसांसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या फ्लॅटांचे जेवढे परवाने आहेत, मोजून १०,१०१, ते सगळे नोव्हेंबर २०२८ मध्ये संपतील आणि त्यांतल्या एकाचंही नूतनीकरण होणार नाही. कारण म्हणून त्यांनी दोन आकडे दिले: गेल्या दहा वर्षांत शहरातली घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली आणि घरांच्या किमती ३८ टक्क्यांनी. हे दहा हजार फ्लॅट पुन्हा राहत्या वस्तीत आले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं.

जगभर बातमी गेली ती ‘बार्सिलोनाची एअरबीएनबीवर (घरं-खोल्या थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर) बंदी’ अशी. पाठोपाठ ६ जुलैला शहरात अतिपर्यटनाविरुद्ध मोर्चा निघाला. त्यात काही जणांनी रेस्टॉरंटबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर मुलांच्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं आणि तेवढं एक दृश्य सगळीकडे फिरलं. पोलिसांच्या मोजणीनुसार मोर्चात सुमारे २,८०० माणसं होती. ती नेमकं काय मागत होती हे पिचकारीच्या फोटोखाली वाचायला कोणी थांबलं नाही.

या प्रकरणात माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे जातं. पर्यटक विरुद्ध स्थानिक हे भांडण प्रत्येक पर्यटनस्थळी असतं. बार्सिलोनात मात्र खरा वाद होता, आणि आहे, तो परवान्याच्या स्वरूपाचा. शहराने एखाद्या घरमालकाला ‘तू हा धंदा करू शकतोस’ असं लिहून दिलं, तर ती त्याची मालमत्ता झाली की शहराने काही काळासाठी दिलेली मुभा? या प्रश्नाचं उत्तर सुरुवातीला कोणी दिलंच नाही. म्हणून दहा वर्षं नियमन करूनही शहराला शेवटी घाव घालावा लागला.

परवाने आले कुठून

१९९२ च्या ऑलिंपिकने बार्सिलोनाचं नशीब पालटलं. बंदराकाठच्या कारखान्यांच्या आणि रेल्वेमार्गांच्या जागी समुद्रकिनारा आला, आणि कापडगिरण्या व यंत्रांचं शहर जगाच्या पर्यटन नकाशावर गेलं. आज शहराच्या अर्थव्यवस्थेत पर्यटनाचा वाटा साधारण सातव्या-आठव्या हिश्श्याइतका धरतात. लोकवस्ती सोळा-सतरा लाख, आणि वर्षाकाठी मुक्कामाला येणारे पाहुणे त्याच्या कितीतरी पट.

२००८ च्या मंदीत स्पेनचं बांधकाम क्षेत्र कोसळलं. २०१३ च्या सुमारास बेकारी २६ टक्क्यांवर गेली होती. गृहकर्जाचे हप्ते थकलेल्या कुटुंबांना बँका घराबाहेर काढत होत्या. भाडी घसरली होती, फ्लॅट रिकामे पडले होते, आणि बाहेर मात्र पर्यटकांची रीघ लागलेली. एअरबीएनबी ही कंपनीही २००८ चीच, सान फ्रान्सिस्कोत जन्मलेली. ज्याच्याकडे एक जास्तीचा फ्लॅट होता त्याला हिशेब लगेच कळला. समजा महिन्याचं भाडं आठशे युरो मिळतं. तोच फ्लॅट रात्रीला शंभर युरोने दिला आणि महिन्यात अठरा रात्री भरल्या, तरी सफाई, चादरी, चाव्या देणारा माणूस असा सगळा खर्च वजा जाऊन हातात जास्त उरतं. शिवाय भाडेकरू घर सोडत नाही ही घरमालकाची जुनी भीतीही राहत नाही.

त्यात कायदेही याच बाजूला कलले. युरोपीय संघाच्या २००६ च्या सेवा निर्देशाने, म्हणजे सदस्य देशांतल्या सेवा-व्यवसायांसाठीच्या नियमाने, आधी परवानगी मागण्याऐवजी नुसतं कळवून धंदा सुरू करण्याच्या पद्धतीला बळ दिलं होतं. बार्सिलोना ज्या प्रदेशात येते त्या कातालोनियाच्या प्रादेशिक सरकारने २०१२ मध्ये पर्यटक फ्लॅटांसाठी नियमावली आणली तीही याच वळणाची: नगरपालिकेला कळवा, नोंदणी क्रमांक घ्या, धंदा करा. २०१३ मध्ये स्पेनच्या संसदेने भाडेकायदा बदलला. त्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. साध्या भाडेकरूची किमान मुदत पाच वर्षांवरून तीनवर आली, आणि पर्यटकांना दिलेली घरं या कायद्यातून वगळून प्रादेशिक नियमांवर सोडली गेली. राहणाऱ्याचं संरक्षण घटलं त्याच वर्षी पाहुण्याचं घर हा वेगळा, कायदेशीर धंदा ठरला. कोणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण दोन्ही तरतुदींचा परिणाम त्याच इमारतीतल्या त्याच फ्लॅटवर होणार होता.

२०१४ पर्यंत नोंदलेले पर्यटक फ्लॅट साडेनऊ हजारांच्या घरात पोचले होते. दोन-तीन वर्षांपूर्वी हा आकडा याच्या जवळपासही नव्हता. म्हणजे कोल्बोनींनी रद्द करायला घेतलेले बहुतेक परवाने याच थोडक्या वर्षांत, बऱ्यापैकी ‘कळवलं आणि मिळालं’ या धर्तीवर निघालेले आहेत. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे.

बार्सेलोनेता, ऑगस्ट २०१४

बार्सेलोनेता हा बंदराला लागून असलेला कोळ्यांचा आणि गोदी कामगारांचा मोहल्ला. अठराव्या शतकाच्या मध्यावर लष्करी अभियंत्यांनी सरळ गल्ल्या आखून तो वसवला. मूळची घरं तळमजला आणि वर एक मजला एवढीच होती. पुढे ती चौथाईत वाटली गेली आणि वर मजले चढले. त्यामुळे इथला नेहमीचा फ्लॅट जेमतेम तीस-पस्तीस चौरस मीटरचा, म्हणजे सव्वातीनशे ते पावणेचारशे चौरस फूट. गल्ली अरुंद, भिंती पातळ, दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. वरच्या मजल्यावर कोणी सूटकेस ओढली तरी खालच्याची झोप मोडते. आणि इथून समुद्र चालत पाच मिनिटांवर. पर्यटकाला याहून काय हवं?

त्या ऑगस्टमध्ये तीन इटालियन तरुण दिवसाढवळ्या नागवे या मोहल्ल्यात हिंडले आणि एका दुकानातही शिरले. एका रहिवाशाने फोटो काढले, ते पसरले, आणि लोक रस्त्यावर आले ते अनेक दिवस घरी गेलेच नाहीत. बेकायदा पर्यटक फ्लॅट बंद करा, अशी मागणी होती. जुन्या शहरात नवे परवाने देणं आधीच थांबलेलं होतं. तेव्हाचे महापौर शाविएर त्रियास यांनी त्याच शरद ऋतूत ती स्थगिती शहरभर लागू केली.

नागव्या तरुणांच्या किश्श्याचं फार कौतुक झालं, आजही होतं. पण आंदोलन करणाऱ्यांच्या घोषणांत भाडं, घर सोडावं लागलेले शेजारी आणि बंद पडलेली किराणा दुकानं हेच विषय होते. गोंगाट सहन करता येतो, रात्री पोलीसही बोलावता येतात. शेजारच्या चार घरांपैकी तीन घरांत दर शुक्रवारी नवी माणसं येऊ लागली की इमारतीतलं कामच थांबतं: जिन्यातला दिवा गेला तर कोणाला सांगायचं, वरच्या आजींचं औषध कोण आणणार, सभेला कोण बसणार. त्याची तक्रार कुठल्याच खिडकीवर नोंदवता येत नाही.

मे २०१५ च्या निवडणुकीत त्रियास हरले आणि आदा कोलाउ महापौर झाल्या. गृहकर्जामुळे घर गमावणाऱ्यांच्या चळवळीच्या त्या प्रवक्त्या होत्या. बेघर करायला आलेल्या पोलिसांसमोर दारात बसणारी बाई महापौरांच्या खुर्चीत आली, त्यामागे घराचा प्रश्न होताच. जुलैमध्ये त्यांनी सर्व प्रकारच्या पर्यटक निवासांचे, हॉटेलांसकट, नवे परवाने वर्षभरासाठी थांबवले.

गोठवलं की भाव चढतो

जानेवारी २०१७ मध्ये पालिकेने पर्यटक निवासांसाठीची खास नगररचना योजना मंजूर केली. शहराचे पट्टे पाडले. मध्यवर्ती पट्ट्यात हॉटेल बंद पडलं तरी त्या जागी नवं नाही, बाहेरच्या पट्ट्यांत मोजकी वाढ चालेल. पर्यटक फ्लॅटांसाठी नियम सर्वत्र एकच: एकूण संख्या आहे तिथेच राहील.

सोबत अंमलबजावणी कडक झाली, आणि इथे बार्सिलोनाला दाद द्यावी लागेल. निरीक्षकांची फौज वाढवली. पत्ता टाकला की फ्लॅटला परवाना आहे की नाही हे कोणालाही, पाहुण्यालाही, तपासता येईल अशी सोय केली. विनापरवाना फ्लॅट चालवणाऱ्याला साठ हजार युरोंपर्यंत दंड. नोव्हेंबर २०१६ मध्ये विनापरवाना जाहिराती ठेवल्याबद्दल एअरबीएनबी आणि होमअवे या दोन कंपन्यांना प्रत्येकी सहा लाख युरोंचा दंड ठोठावला. कंपन्या आधी भांडल्या, मग २०१८ मध्ये एअरबीएनबीने यजमानांची माहिती पालिकेला द्यायचं कबूल केलं. जगातल्या बहुतेक शहरांना तोवर आपल्याकडे असे फ्लॅट किती आहेत हेच ठाऊक नव्हतं. १०,१०१ हा शेवटच्या एककापर्यंतचा आकडा महापौर सांगू शकले तो या कष्टांमुळे.

पण या यशाची एक बाजू धोरण आखणाऱ्यांनी लक्षात घेतली नाही, किंवा घेतली तरी बोलून दाखवली नाही. नवे परवाने बंद, बेकायदा स्पर्धक बंद, पर्यटक तर वाढतेच. मग ज्याच्याकडे जुना परवाना आहे त्याचं काय झालं? आपल्याकडे रिक्षा-टॅक्सीची परमिटं बरीच वर्षं गोठवलेली असताना जे झालं तेच. फुकटात किंवा किरकोळ फीमध्ये मिळालेल्या कागदाला स्वतःची किंमत आली. ‘पर्यटक परवान्यासह’ ही ओळ जोडली की फ्लॅटचा भाव वेगळा लागू लागला. गुंतवणूक कंपन्या असे फ्लॅट, कधी अख्ख्या इमारती, घेऊ लागल्या. एशाम्प्ला या चौकोनी आखणीच्या भागात शहरातले सर्वांत जास्त पर्यटक फ्लॅट एकवटले आहेत. तिथल्या काही इमारतींत दोन-चारच जुने भाडेकरू उरले आणि बाकी सगळीकडे चाकांच्या बॅगा.

थोडक्यात, २०१४ ते २०२३ या काळात पालिकेने फ्लॅटांची संख्या वाढू दिली नाही हे खरं. पण ते करताना तिने परवानाधारकांचा एक वर्ग तयार केला, ज्याला गमावण्यासारखं भरपूर होतं आणि वकील लावण्याची ऐपतही होती. परवाना देतानाच त्यावर मुदत छापली असती, तर हा वर्ग असा उभा राहिला नसता.

ज्यांनी खोली दिली त्यांचं काय

या प्रकरणातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट इथे येते, आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं.

एअरबीएनबीची मूळ कल्पना खोलीची होती. घरमालक घरातच राहतो, रिकामी खोली पाहुण्याला देतो, सकाळी कॉफी करून देतो. आपल्याकडची ‘निवास व न्याहारी’ योजना याच कल्पनेवर उभी आहे. केंद्राच्या पर्यटन खात्याच्या योजनेत तर मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे आणि खोल्या सहापेक्षा जास्त नकोत अशी अट आहे. कोकणात किनाऱ्याकाठी ज्या घरांनी माजघराशेजारी दोन खोल्या वाढवून पाहुणे ठेवले, त्यांच्यामुळे गावातलं एकही राहतं घर कमी झालं नाही. झालंच तर शहरात गेलेला मुलगा परत यायचं एक निमित्त झालं.

कातालोनियाच्या सरकारने २०२० च्या नियमावलीत अशा घरातल्या खोलीला रीतसर स्थान दिलं होतं. बार्सिलोना पालिकेने मात्र त्यानंतर ३१ दिवसांहून कमी मुदतीसाठी खोली भाड्याने देण्यावर आधी स्थगिती आणली आणि मग सुधारित योजनेत कायमची मनाई केली. कारण समजण्यासारखं होतं. खोलीच्या नावाखाली अख्खे फ्लॅट चालतील आणि कोणती खोली खरी हे दारोदार जाऊन तपासणं शक्य नाही.

तरी परिणाम पाहा. शहरात न राहणाऱ्या कंपनीच्या ताब्यातला पूर्ण फ्लॅट कायदेशीर, कारण त्याच्याकडे २०१३ चा कागद. आणि निवृत्तीवेतनात भागत नाही म्हणून मुलीची रिकामी खोली देणारी बाई बेकायदा. राहत्या घरांची टंचाई हा प्रश्न असेल, तर यांतल्या कोणामुळे घर कमी झालं? अंमलबजावणीला जे सोपं, तेच न्याय्य ठरवण्याचा मोह नियमनात नेहमीच असतो. बार्सिलोना त्याला बळी पडली असं माझं मत आहे. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून उलटा नियम लावला: तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर यजमान त्याच घरात हजर हवा आणि पाहुणे दोनच. तिथेही कटकटी आहेत, पण निदान भेद योग्य जागी केला आहे.

६८ टक्के आणि १.९ टक्के

आता घरभाड्याचा मुद्दा, कारण सगळी इमारत त्यावर उभी आहे.

महापौरांचे ६८ टक्के खरे आहेत, पण मोजणीची सुरुवात कुठून झाली ते पाहायला हवं. दहा वर्षं मागे गेलं की आपण २०१४ च्या आसपास येतो, आणि तेव्हा भाडी मंदीच्या तळाला होती. तळापासून मोजलं की चढ मोठाच दिसणार. तरीही २०२४ मध्ये शहरातलं सरासरी भाडं साडेअकराशे-बाराशे युरोंच्या घरात होतं आणि त्या वर्षी स्पेनचं किमान वेतन महिन्याला १,१३४ युरो, वर्षाला चौदा हप्त्यांत. म्हणजे किमान वेतनावर एकट्याने घर भाड्याने घेणं हिशेबातच बसत नाही. संकट खरं आहे, त्यात वाद नाही. वाद त्यातला पर्यटक फ्लॅटांचा वाटा किती यावर आहे.

याचं बऱ्यापैकी भक्कम उत्तर उपलब्ध आहे. बार्सिलोनातल्याच अर्थशास्त्रज्ञांच्या गटाने केलेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की एअरबीएनबीमुळे सरासरी मोहल्ल्यातली भाडी १.९ टक्क्यांनी वाढली, आणि जिथे असे फ्लॅट सर्वांत दाट आहेत तिथे सात टक्क्यांनी. घरांच्या विक्रीच्या किमतीवर परिणाम याहून मोठा: सरासरी ४.६ टक्के, दाट भागांत १७ टक्के. हे आकडे दोन्ही बाजूंना गैरसोयीचे आहेत. ‘आमचा भाड्याशी काही संबंध नाही’ म्हणणाऱ्या व्यावसायिकांचं म्हणणं खोटं ठरतं. आणि हे फ्लॅट बंद केले की शहरभर भाडी उतरतील, ही आशाही टिकत नाही. शहरात एकूण घरं आठ लाखांच्या आसपास, त्यांत दहा हजार म्हणजे सव्वा टक्का. बार्सेलोनेता किंवा एशाम्प्लाच्या एखाद्या चौकात फरक कळेल, शहराच्या सरासरीत फारसा नाही.

पर्यटक फ्लॅटवाल्यांची संघटना आपार्तुर हेच उचलून धरते. मोजके हजार फ्लॅट बळीचा बकरा ठरत आहेत, शहराने वर्षानुवर्षं सार्वजनिक घरं बांधली नाहीत त्याचं खापर आमच्यावर, असं तिचं म्हणणं. पालिकेची भाड्याची सार्वजनिक घरं एकूण घरांच्या दोन टक्क्यांच्या आसपासच आहेत, तेव्हा या बोलण्यात तथ्य आहे. एअरबीएनबी आणखी एक मुद्दा जोडते की फ्लॅट बंद झाले की फायदा हॉटेलांचा, त्यांचे दर चढणार. तेही खोटं नाही. कंपनीला हॉटेलांचे दर महाग झाल्याचं दुःख होतंय हे ऐकताना मात्र चेहरा सरळ ठेवणं जरा अवघड जातं.

चळवळीतल्या लोकांचं उत्तर वेगळ्या पातळीवरचं आहे. मोहल्ल्यांची संघटना म्हणते की भाडं हा एक परिणाम झाला, प्रश्न शहराची एकूण घडी कशी बसवायची हा आहे, आणि ती ‘पर्यटनाची घट’ ही मागणी सरळ नाव घेऊन करते. पर्यटकांवरचा कर वाढवा, क्रूझ जहाजं कमी करा, विमानतळ वाढवू नका, हे सगळं त्या यादीत आहे. कोल्बोनी समाजवादी पक्षाचे. हॉटेलं, अधिवेशनं, मोठे कार्यक्रम यांच्याशी त्यांचं वैर नाही. म्हणून दहा हजार फ्लॅटांवरचा घाव हा या चळवळीचा विजय म्हणावा की तिला दिलेली वरवरची भरपाई, यावर खुद्द चळवळीत एकमत नाही.

घड्याळ आधीच सुरू झालं होतं

कोल्बोनींची घोषणा जून २०२४ ची, पण निर्णय झाला होता सात महिने आधी आणि दुसऱ्याच इमारतीत. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी कातालोनिया सरकारने एक वटहुकूम काढला. घरांची टंचाई असलेल्या किंवा पर्यटक फ्लॅटांची गर्दी झालेल्या २६२ गावा-शहरांत असा फ्लॅट चालवायला यापुढे नगररचना परवाना लागेल आणि त्याची मुदत पाच वर्षं असेल. जुन्या परवानाधारकांनाही पाचच वर्षं. त्यानंतर स्थानिक पालिकेच्या आराखड्यात बसत असेल तरच नवा. दर शंभर रहिवाशांमागे दहाहून जास्त फ्लॅट कुठेही नकोत, हीही अट.

बार्सिलोनासारख्या शहराला ही शेवटची अट लागूच पडत नाही. सोळा लाख वस्तीत दहा टक्के म्हणजे एक लाख साठ हजार फ्लॅट. ती किनाऱ्यावरच्या छोट्या गावांसाठी आहे. बार्सिलोनासाठी महत्त्वाची ती मुदत. कोल्बोनींनी नवं काही बंद केलं नाही. नूतनीकरणाचा जो पर्याय वटहुकुमाने पालिकेच्या हाती ठेवला होता तो आपण वापरणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. कायदेशीर दृष्टीने हे फार हुशारीचं आहे. परवाना ‘रद्द’ केला तर कारण द्यावं लागतं, सुनावणी घ्यावी लागते, भरपाईचा प्रश्न येतो. परवाना ‘संपला’ तर निदान पालिकेच्या मते यांतलं काहीच करावं लागत नाही.

व्यावसायिकांनी याला उघड मालमत्ता-जप्ती म्हटलं. पीपल्स पार्टी हा उजवा पक्ष वटहुकुमाविरुद्ध स्पेनच्या घटना न्यायालयात गेला. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने वटहुकूम वैध ठरवला. घराची मालकी मालकाकडेच राहते, तो त्यात राहू शकतो, भाड्याने देऊ शकतो, विकू शकतो. घराचा वापर कसा व्हावा यावर सार्वजनिक हितासाठी मर्यादा घालणं ही जप्ती होत नाही, असा निकालाचा रोख. पाच वर्षांचा अवधी हाच नुकसान भरून काढण्याचा मार्ग. ज्याची गुंतवणूक तेवढ्यात वसूल होत नाही असं सिद्ध होईल, त्याला आणखी पाच वर्षांपर्यंत मुदत मागण्याची सोय वटहुकुमातच आहे.

युरोपच्या पातळीवर वाट आधीच मोकळी झाली होती. पॅरिसमधल्या फ्लॅटांच्या खटल्यात सप्टेंबर २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटलं होतं की घरांच्या टंचाईशी लढणं हे सेवा व्यवसायावर परवान्याचं बंधन घालायला पुरेसं सार्वजनिक कारण आहे. सेवा निर्देशाचा धाक दाखवून ‘नुसतं कळवा’ पद्धत आणणाऱ्यांना हे वाक्य दहा वर्षं आधी मिळालं असतं, तर २०१२ ची नियमावली बहुधा वेगळी झाली असती.

दारं आणि खिडक्या

दरम्यान पैसा दुसऱ्या दाराने निघू लागलाय. मार्च २०२४ मध्ये बार्सिलोनात घरभाड्यांवर कमाल मर्यादा लागू झाली. ती नेहमीच्या भाडेकरारांना. मग जाहिराती दिसू लागल्या ‘हंगामी’ करारांच्या: एक ते अकरा महिने, परदेशी विद्यार्थ्यांसाठी, लॅपटॉप घेऊन फिरत काम करणाऱ्यांसाठी. तेव्हा त्यांना पर्यटक परवाना लागत नव्हता, कमाल मर्यादेलाही वळसा मिळत होता. चार दिवसांच्या पाहुण्यापेक्षा हा भाडेकरू शांत असेल, पण स्थानिक कुटुंबाला घर मिळत नाही ते नाहीच. २०२८ मध्ये मोकळे होणारे फ्लॅट जर या रांगेत जाऊन उभे राहिले, तर महापौरांचे दहा हजार कागदावरच राहतील. माझ्या मते खरी कसोटी इथे आहे आणि पिचकाऱ्यांपेक्षा या करारांच्या मसुद्यांकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

राष्ट्रीय पातळीवर दोन बदल झाले आहेत. एक, ३ एप्रिल २०२५ पासून इमारतीत नवा पर्यटक फ्लॅट सुरू करायला सदनिकाधारकांच्या तीन-पंचमांश बहुमताची संमती लागते. मुंबई-पुण्यात ज्यांनी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाहुण्यांना लिफ्ट वापरू द्यायची का यावर दोन तास घालवले आहेत, त्यांना हा नियम ऐकून हसू येईल आणि हेवाही वाटेल. दोन, १ जुलै २०२५ पासून राष्ट्रीय नोंदणी क्रमांकाशिवाय कुठल्याही ऑनलाइन मंचावर जाहिरात देता येत नाही. त्याआधी मे महिन्यात स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने एअरबीएनबीला नियम मोडणाऱ्या ६५,९३५ जाहिराती काढायला सांगितलं होतं. ज्या लढाईसाठी बार्सिलोनाने एकटीने निरीक्षक पाठवले, ती आता माद्रिदमधून लढली जाते आहे. युरोपीय संघाचा २०२४ चा नियमही मंचांना माहिती द्यायला बांधतो.

गोव्यातली चर्चा अजून नोंदणीपाशीच आहे. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पाहुणे ठेवणाऱ्यांनी नोंद करायची असते, आणि दुसरं घर म्हणून घेतलेल्या, दिल्ली-मुंबईहून चालवल्या जाणाऱ्या व्हिलांना त्या कक्षेत पक्कं आणण्याची धडपड चालू आहे. बार्सिलोनाचं पाहून तिथे कोणी ‘परवाने गोठवा’ म्हणालं, तर त्याला २०१४ नंतरची नऊ वर्षं समजावून सांगावी लागतील. गोठवायचंच असेल तर त्याच दिवशी मुदतही लिहावी.

बार्सिलोनात पुढची पालिका निवडणूक मे २०२७ मध्ये आहे, परवाने संपण्याच्या दीड वर्ष आधी. त्यामुळे दोन्ही बाजू आतापासून त्या तारखेकडे डोळे लावून आहेत. परवानाधारकांना नवा महापौर हवा आहे. पण नुसता महापौर बदलून त्यांचं भागणार नाही. नोव्हेंबर २०२८ मध्ये फ्लॅट बंद होण्यासाठी पालिकेने काहीही करण्याची गरज नाही. ते चालू ठेवायचे तर मात्र नगररचना आराखडा बदलावा लागेल, घरांचा तुटवडा नाही असं कागदोपत्री दाखवावं लागेल, आणि कुठल्याच पक्षाला सहसा स्पष्ट बहुमत न देणाऱ्या त्या सभागृहात त्यासाठी मतं जमवावी लागतील.